आपलं मूल बाकावर बसतं तेव्हा

पालकहो, आज ज्या खेळाडूबद्दल बोलायचं आहे त्याचं पोस्टर तुमच्या मुलांच्या खोलीत नसणार. तिथे जॉर्डन असेल, कोबी असेल, हल्ली स्टीफन करी असतो. मार्चिन गोर्तात नसतो. पोलंडचा हा सहा फूट अकरा इंची गडी अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये बारा हंगाम खेळला आणि त्यातली पहिली सव्वातीन वर्षं त्याने बरीचशी बाकावर बसून काढली. मला त्या सव्वातीन वर्षांबद्दलच बोलायचंय. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईबाबांच्या चेहऱ्यावर मला सगळ्यांत जास्त वेळा एकच प्रश्न दिसतो: सरांनी ह्याला बाहेर का बसवलंय?

आधी त्याचं घर पाहू. जन्म १७ फेब्रुवारी १९८४चा, गाव वूच (नकाशात ‘लोड्झ’ असं सापडेल). कापडगिरण्यांवर वाढलेलं आणि १९८९नंतर त्या गिरण्या बंद पडत गेल्यावर खचलेलं शहर. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला याहून जास्त सांगायला नको. वडील यानुश गोर्तात हे बॉक्सर. १९७२चं म्युनिक आणि १९७६चं माँट्रियल, दोन्ही ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. माँट्रियलच्या उपांत्य फेरीत त्यांना हरवणारा लिऑन स्पिंक्स पुढे दोनच वर्षांत खुद्द महंमद अलीला हरवून जगज्जेता झाला, म्हणजे हे पदक कसल्या आगीतून आलं होतं ते कळेल. आई अलित्स्या व्हॉलीबॉलपटू. सावत्र भाऊ रॉबर्ट तोही बॉक्सर.

अशा घरात मुलाच्या हातात ग्लोव्हज न चढवणं किती अवघड असेल! आपल्याकडे बाबा नुसते आंतरमहाविद्यालयीन कबड्डी खेळलेले असले तरी मुलाची मांडी पहिलीतच चाचपून पाहिली जाते. मार्चिन मात्र फुटबॉल खेळत होता, गोलकीपर म्हणून. शिवाय उंच उडी. बास्केटबॉलकडे तो वळला सतरा-अठराव्या वर्षी, वूचच्याच एलकेएस क्लबमध्ये. आपल्या हिशेबाने ‘आता काय उपयोग’ म्हणण्याचं वय. या वयात आपल्याकडे बारावीचा क्लास लागलेला असतो आणि खेळ उरतो तो क्रीडा गुणांपुरता.

पण त्याची आधीची वर्षं वाया गेली नव्हती. गोलकीपरला हवेतल्या चेंडूचा अंदाज घ्यावा लागतो, तो कुठे पडेल हे इतरांआधी ओळखून गर्दीतून हात वर काढावा लागतो. उंच उडीवाल्याला एका पायावर झेप घ्यायची सवय असते. आता बास्केटबॉलमधला सेंटर काय करतो ते आठवा. फळीवर आपटून परत येणारा चेंडू, म्हणजे रिबाउंड, गर्दीतून उडी मारून खेचतो. पोरगं एकाच खेळात अडकलं नव्हतं म्हणून मोकळं वाढलं, असं माझं मत आहे. गोर्तातच्या प्रशिक्षकांना विचारलंत तर ते कदाचित उंचीचं नाव आधी घेतील. घेऊ देत. उंच मुलं पोलंडमध्ये पुष्कळ होती.

२००३मध्ये तो जर्मनीतल्या कोलोनला गेला. दोन वर्षांनी, २००५च्या एनबीए ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड: तीस संघ, दोन फेऱ्या, एकूण साठ नावं. गोर्तातचा क्रमांक ५७वा. फिनिक्सने निवडलं आणि लगेच हक्क ऑर्लँडोला देऊन टाकले. एवढ्या खालच्या क्रमांकाच्या मुलाला संघ ताबडतोब बोलावतोच असं नाही. गोर्तात मुकाट्याने आणखी दोन हंगाम कोलोनमध्ये खेळला, २००६ला त्या संघाबरोबर जर्मनीचं विजेतेपद मिळवलं, आणि २००७च्या ऑगस्टमध्ये कुठे ऑर्लँडो मॅजिकशी करार झाला.

आणि तिथे ड्वाइट हॉवर्ड होता.

हॉवर्ड म्हणजे त्या काळचा सगळ्यांत दांडगा सेंटर. २००९ ते २०११ सलग तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम बचावपटू. वयाने गोर्तातपेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी लहान, पण जागा तीच. तो असताना दुसऱ्या सेंटरला खेळवण्याचं कारणच नव्हतं. पहिल्या हंगामात गोर्तात जेमतेम सहा सामन्यांत उतरला. मध्ये त्याला खालच्या डी-लीगमध्ये अॅनाहाइमच्या संघाकडेही धाडलं होतं. पुढचे दोन हंगाम ४८ मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला सरासरी बारा-तेरा मिनिटं आली. हॉवर्डला दम खायला वेळ मिळावा म्हणून.

आता एक संध्याकाळ जवळून बघा. ३० एप्रिल २००९, फिलाडेल्फिया. प्लेऑफच्या पहिल्या फेरीतला सहावा सामना. आदल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला कोपर मारल्याबद्दल हॉवर्डवर एका सामन्याची बंदी आलेली. ऑर्लँडो ३-२ने पुढे होतं, पण हा सामना गेला असता तर मालिका सातव्यावर गेली असती. सुरुवातीच्या पाचांत हॉवर्डच्या जागी गोर्तात. त्याने ११ गुण केले आणि १५ रिबाउंड खेचले. ऑर्लँडोने ११४-८९ असा सामना मारला. तो संघ त्या वर्षी थेट अंतिम फेरीत पोचला, लेकर्सकडून हरला, आणि एनबीएच्या अंतिम फेरीत खेळलेला पहिला पोलिश खेळाडू म्हणून गोर्तातचं नाव लागलं.

ते १५ रिबाउंड आले कुठून? बाराच मिनिटं खेळणारा माणूस अचानक एवढा तयार कसा निघाला? सामन्यात जरी त्याला जागा नव्हती तरी सरावात रोज त्याच्यासमोर साक्षात हॉवर्डच उभा असे. लीगमधल्या सगळ्यांत बलदंड सेंटरशी रोज अंगाला अंग भिडवायचं, रोज त्याच्याकडून ढकललं जायचं. बाकीच्या संघांतल्या सेंटरना हॉवर्ड हंगामातून दोन-चार वेळा भेटायचा.

आपण पालक सामना बघायला जातो, सराव बघायला क्वचित. त्यामुळे आपल्या हिशेबात मूल ‘बसलंय’ एवढंच येतं. सामन्यानंतर स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला आपण सिग्नलला मान वळवून विचारतो, “आज किती वेळ खेळवलं?” आकडा लहान असला की आपला चेहरा पडतो, आणि आरशात तो त्याला दिसतो. त्यापेक्षा “आज सरावात कोणाला अडवत होतास?” असं विचारून बघा. पहिल्या खेपेला “काही नाही” असंच उत्तर येईल, वय तसंच असतं त्यांचं. चौथ्या-पाचव्या खेपेला घरापर्यंत बडबड थांबणार नाही.

पण थांबा, गोर्तातला मी सोशिक संत करून ठेवणार नाही. त्याला बाकावर बसायला अजिबात आवडत नव्हतं आणि ते त्याने लपवलंही नाही. २००९च्या उन्हाळ्यात डॅलसने त्याला पाच वर्षांसाठी सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. तिथे खेळायला मिळण्याची आशा होती. नियमाप्रमाणे ऑर्लँडोला तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवून घेता येत होतं, आणि ऑर्लँडोने नेमकं तेच केलं. बाकावर बसायचे कोट्यवधी डॉलर! आपल्यापैकी कुणीही पेढे वाटले असते. हा पठ्ठ्या नाराज झाला आणि तसं उघड बोलला. तरी पुढच्या हंगामात ८२पैकी ८१ सामन्यांत तो उतरला. नाराजी बोलून दाखवणं आणि काम चोख करणं या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी जमतात. आपण मुलांना मात्र यातली एकच शिकवतो. काही घरांत “गप्प बस, सरांना उलट बोलू नकोस”, काही घरांत “नाही खेळवत ना, मग जाऊच नकोस उद्यापासून.”

१८ डिसेंबर २०१०ला त्याची फिनिक्सला अदलाबदल झाली. तिथे स्टीव्ह नॅश होता, लीगमधला अव्वल पासर. नॅशचंही फुटबॉलशी नातं होतं, वडील व्यावसायिक फुटबॉलपटू. दोघांचं जमलं. २०११-१२च्या हंगामात गोर्तातची सरासरी १५.४ गुण आणि १० रिबाउंड अशी होती. पुढे २०१३ला तो वॉशिंग्टनला गेला; २०१४च्या प्लेऑफमध्ये इंडियानाविरुद्ध एका सामन्यात ३१ गुण आणि १६ रिबाउंड, आणि त्याच उन्हाळ्यात पाच वर्षांचा सहा कोटी डॉलरचा करार. पैशाचं कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकलं.

मला त्या कराराहून जास्त रस आहे तो ‘गोर्तात स्क्रीन’मध्ये. बास्केटबॉलमध्ये सेंटर आपल्या गार्डसाठी भिंतीसारखा उभा राहतो, म्हणजे गार्डच्या मागावरचा खेळाडू अडतो. याला स्क्रीन म्हणतात. एवढं सगळेच करतात. गोर्तात त्यानंतर बास्केटकडे धावायचा, आणि समोर मदतीला सरकणाऱ्या विरोधी सेंटरला वाटेतच अंगावर घेऊन अडवून ठेवायचा. चेंडू मागायचा नाही. मागून येणाऱ्या वॉशिंग्टनच्या गार्डला, जॉन वॉलला, बास्केटपर्यंत मोकळी वाट. गुण वॉलच्या नावावर, टाळ्या वॉलला. गुणफलकात गोर्तातच्या रकान्यात काहीच नाही. आज प्रशिक्षक आणि समालोचक या डावाला त्याच्याच नावाने ओळखतात.

घरी गुणफलक घेऊन बसणाऱ्या बाबांना ही गोष्ट खुपेल. मुलाने किती बास्केट केल्या हे मोजता येतं. त्याने कुणासाठी वाट मोकळी केली ते मोजायला सामना डोळे उघडून बघावा लागतो. पुढच्या सामन्यात एक क्वार्टरभर चेंडूकडे न बघता फक्त आपल्या मुलाच्या पायांकडे बघा. चेंडू लांब असताना ते पाय चालतायत की थांबलेत? सरही बहुधा तेच बघत असतात.

आणि गोर्तातसारखा वेगळा खेळ न निवडता घरातलाच खेळ मुलाने घेतला तर? तेही होतं. २०२२मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने नवव्या क्रमांकावर निवडलेल्या जेरेमी सोहानची आई अनेता स्वतः बास्केटबॉल खेळलेली. पोरगं इंग्लंडमध्ये वाढलं, पोलंडकडून खेळलं. म्हणजे वारसा चालवावा की मोडावा याचा काही नियम नाही. यानुश गोर्तातची दोन पदकं आणि मुलाचे आठशेवर एनबीए सामने शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात, तसंच हेही.

गोर्तातने २००९मध्ये, म्हणजे स्वतः बारा-तेरा मिनिटंच खेळत असताना, एमजी१३ नावाची संस्था काढली. १३ हा त्याच्या जर्सीचा आकडा. पोलंडमधल्या मुलांसाठी ती उन्हाळी शिबिरं घेते. २०२०मध्ये निवृत्ती जाहीर केल्यानंतरही तो त्या मुलांमध्ये रमला. शिबिराला आलेल्या मुलांतली फार थोडी एनबीएत जातील हे त्यालाही ठाऊक असणार.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आलेला प्रश्न: मग मुलाला किती दिवस बसू द्यायचं? सरांना भेटा, पण सामन्याच्या दिवशी नको, आणि “खेळवत का नाही” असंही नको. येत्या तीन महिन्यांत तो इथे काय शिकेल आणि सरावात त्याच्यासमोर कोण असेल, एवढं विचारा. चांगले सर यावर दहा मिनिटं बोलतात. मुलालाही वेगळं विचारा, कारण काही मुलं बाकावरही खुशीत असतात, मित्र तिथेच असतात त्यांचे, आणि त्यात काही वावगं नाही. पण सरांकडे उत्तर नसेल, सरावातही मूल कडेला चेंडू वेचत उभं असेल, तर पुढच्या हंगामात दुसरा क्लब बघा. गोर्तात तरी ऑर्लँडोत कुठे राहिला?