‘बिअरच तर घेतली, डॉक्टर!’

सोमवारी सकाळी पायाचा अंगठा लालबुंद सुजलेला, बूट चढत नाही म्हणून घरातल्या सपाता घालून लंगडत आलेला चाळिशीचा गृहस्थ दिसला, की मी आधी शनिवार-रविवारची चौकशी करतो. उत्तर बहुधा ठरलेलं. ऑफिसची मंडळी होती, हॉटेलात बसलो, बर्गर खाल्ला आणि तीन क्राफ्ट बिअर. लगेच पुढचं वाक्य: ‘दारू नाही हं डॉक्टर, बिअरच!’

पुण्यात हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतं. २००९ मध्ये कोरिंथियन्स हॉटेलात ‘डूलाली’ने स्वतःची बिअर बनवून ग्लासात ओतायला सुरुवात केली, तेव्हा ते अप्रूप होतं. आता अशी ठिकाणं चहाच्या टपऱ्यांइतकी नसली तरी शोधावी लागत नाहीत. ताजी बिअर चवीला चांगली असते, हे मी नाकारत नाही. पण ताजी म्हणजे प्रकृतीला सोसणारी, ही समजूत कुठून आली कोण जाणे. गंमत म्हणजे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्या राज्यात पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो दिला जातो प्रकृती राखण्यासाठी! त्यावर विसंबू नका.

मेनूकार्डवर बिअरच्या नावाखाली बारीक अक्षरात टक्केवारी असते. ती वाचा. पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, वजनाने सुमारे २० ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये असतं १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक मोठा ग्लास हे दोन स्मॉल. सात टक्क्यांची कडवट आयपीए घेतलीत तर जवळजवळ तीन. ‘तीनच बिअर’ सांगणारा माणूस सहा ते आठ पेग पिऊन आलेला असतो, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या चालीने निकालात काढतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याचे हबके यांनी ती चाल वाढत नाही. तीन ग्लासांना सहा ते आठ तास लागतात. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आपल्या कायद्याची मुभा आहे. तेव्हा किल्ली घरी ठेवूनच निघा. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच बिअरने त्यांच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. गरोदरपणात एक घोटही नको.

आता बर्गर. यकृताला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून ते आधी जाळतं आणि चरबीचं काम मागे ठेवतं. चीज, मेयोनीज, तळलेले फ्राइज यांतलं तेल-तूप त्या रात्री साठवणीत जमा होतं. डबल पॅटीचा बर्गर आणि फ्राइज यांतून हजार कॅलरी सहज जातात. तीन बिअरच्या सहाशे वर आणखी. व्हेजवाल्यांनी खूश होऊ नये. तळलेली बटाट्याची टिक्की, मैद्याचा पाव आणि वर मेयोनीज हा मोठ्या हॉटेलातला वडापावच आहे, फक्त बिल वेगळं.

अंगठ्याचं दुखणं म्हणजे गाऊट. बिअरमधल्या यीस्टमधून आणि मांसातून प्यूरिन येतात, त्यांचं यूरिक ॲसिड बनतं आणि अल्कोहोल ते लघवीवाटे बाहेर जाऊ देत नाही. आवक वाढते आणि वाट बंद होते. म्हणून गाऊटवाल्यांना बिअर व्हिस्कीपेक्षाही वाईट. यूरिक ॲसिडची गोळी आधीपासून चालू असेल, तर झटका आला म्हणून ती मनाने बंद करू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मधुमेहींची. साखर वाढेल म्हणून पाव काढून ताटाच्या कडेला ठेवायचा, नुसती पॅटी खायची आणि बिअर मात्र प्यायची, असे शहाणे मी पाहतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा हिशेब उलटतो. रात्री रक्तातली साखर उतरू लागली की यकृताने ती पुरवायची असते, पण ते अल्कोहोलमध्ये गुंतलेलं असतं. पहाटे घाम फुटतो, जीभ अडखळते, माणूस बरळतो, आणि घरच्यांना वाटतं चढलीय. पिणार असाल तर पावासकट खा, झोपण्यापूर्वी साखर तपासा आणि सोबतच्या माणसाला आपला आजार सांगून ठेवा. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स चालू असेल किंवा झोपेची गोळी घेत असाल, तर त्या दिवसांत बिअर नाहीच.

पॅटी आतून गुलाबी हवी, असा हट्ट काहीजण धरतात. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावरचे जंतू वरच्या थरात राहतात आणि भाजताना मरतात. खिमा केला की ते आतपर्यंत पोचतात. १९९३ मध्ये अमेरिकेत नीट न शिजलेल्या बर्गरमधल्या ई. कोलायने चार मुलांचा जीव घेतला होता. पूर्ण शिजवून मागा. बेकनचा जादा थर सोडलात तर उत्तम. प्रक्रिया केलेलं मांस आणि अल्कोहोल, दोन्ही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहेत.

‘मग किती चालेल?’ जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की निर्धोक असं प्रमाण नाही. न पिणाऱ्याने सुरू करण्याचं कारण नाही. पिणाऱ्याने आधी बर्गर मागवावा, मग बिअर. रिकाम्या पोटी ती भराभर चढते. एक लहान ग्लास, तोही कमी टक्क्यांचा, आणि बरोबर साधं पाणी. फ्राइजऐवजी सॅलड मागितलं तर बहुतेक ठिकाणी मिळतं. खारे शेंगदाणे बाजूला सारा, त्यांनी तहान वाढते आणि दुसरा ग्लास येतो. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या, नाहीतर आंबट पाणी घशाशी येणारच.

छातीत जळजळ झाली तर ‘बर्गर बाधला’ म्हणून गोळी घेऊन झोपण्याआधी एक पाहा. छातीवर दडपण आहे, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, घाम सुटलाय, किंवा छातीत अनियमित धडधड होतेय का? बेसुमार पिण्यानंतर हृदयाचा ठोका चुकू लागणं डॉक्टरांना चांगलं परिचयाचं आहे. तसं असेल तर सकाळची वाट पाहू नका, स्वतः गाडी काढू नका. १०८ला फोन लावा आणि काय, किती घेतलं ते न लपवता सांगा.