चिखलाला चार बोटं पुरतात

प्रश्न : व्हेनिसमध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या बायका भल्या उंच तळाचे जोडे घालत. रस्त्यातल्या चिखलापासून बचाव म्हणून, असं वाचलं. तेवढ्यासाठी एवढी उंची कशाला? आणि त्या चालत तरी कशा?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. चिखलाला चार बोटं पुरतात. व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयातला एक जोड मात्र जवळपास 50 सेंटीमीटर, म्हणजे हातभर उंच आहे! या जोड्यांना चोपीन म्हणतात. तळ लाकडाचा किंवा बुचाचा, वरून कातडं नाहीतर मखमल.

टोरंटोच्या बाटा शू म्युझियममधल्या अभ्यासक एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी या उंचीचा संबंध कापडाशी जोडला आहे, आणि मला तो पटतो. स्पेनमध्ये चोपीन नटवलेले असत आणि झग्याखालून दिसत. व्हेनिसमध्ये ते झग्याखाली झाकलेले. बाई जितकी उंच, तितका झगा लांब, तितकं रेशीम जास्त. व्हेनिसची श्रीमंती व्यापारावर उभी होती आणि त्या व्यापारात रेशमी कापडाचा वाटा मोठा. म्हणजे गर्दीतून जाणारी ती बाई आपल्या घराण्याची ऐपत अंगावर मिरवत होती. न दिसणाऱ्या जोड्याचं काम दिसणारं कापड वाढवण्याचं!

सरकारला हे रुचलं नव्हतं. 1430 सालच्या कायद्याने उंची सुमारे तीन इंचांवर आणली. गरोदर बायका पडतात, ही एक काळजी त्यामागे होती. कोरेरमधला जोड पाहिला की तो कायदा किती पाळला गेला ते कळतं.

पडण्याची भीती खरीच होती. इंग्रज प्रवासी थॉमस कोरियट 1608 मध्ये व्हेनिसला गेला, तेव्हा एका पुलाच्या पायऱ्यांवरून अशी एक बाई पडताना त्याने पाहिली. जितकं घराणं मोठं तितके चोपीन उंच, आणि बाहेर निघताना आधाराला कुणीतरी सोबत, असं त्याने नोंदवलं आहे. पण सराव झाला की चालणं डौलदार होई. नृत्यगुरू फाब्रित्सिओ कारोसो याने 1600 च्या ग्रंथात त्याची रीतच सांगितली आहे : पाऊल टाकताना आधी चवडा उचलावा, म्हणजे गुडघा सरळ होतो आणि जोडा पायातून निसटत नाही. चोपीन घालून नाचताही येतं, असं त्याचं म्हणणं. मला या बायकांच्या पायांतल्या त्या कसबाचं फार कौतुक वाटतं.

चोपीन म्हणजे गणिकांचे जोडे, असाही एक समज आहे. गणिका ते घालत, पण खानदानी बायकाही घालत. चित्रकार कार्पाच्चोचं दोन व्हेनेशियन स्त्रियांचं चित्र पाहा. गच्चीत कंटाळून बसलेल्या या दोघींना कितीतरी काळ गणिकाच समजलं गेलं. मग विसाव्या शतकात लक्षात आलं, की ते एका मोठ्या चित्राचा खालचा तुकडा आहे. वरचा तुकडा आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे आणि त्यात पुरुष खाडीत शिकार करताहेत. दोघी नवऱ्यांची वाट पाहत असाव्यात, असं आता मानतात. चित्रात डावीकडे, जमिनीवर, लाल चोपीन काढून ठेवलेले आहेत.