वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

माझ्या मामांची खालापूर तालुक्यातली जमीन रस्त्यासाठी गेली. वाढीव मोबदल्यासाठी त्यांनी वकील केला. निकाल लागला तसा वकिलाने मोबदल्यातला पाचवा हिस्सा मागितला आणि तो हातात पडेपर्यंत मूळ कागद देणार नाही, असं बजावलं. मामा हबकले. तहसीलदार, पोलीस, ग्राहक मंच... गावात प्रत्येकाने वेगळा दरवाजा सांगितला.

दाद मागायची ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, मुंबईला. ग्राहक मंचाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बंद केला आहे. निकालावर ठरणारी फी किंवा मोबदल्यात वाटा मागायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे. मामांचा वकील वर्षानुवर्षं हेच करत आला होता आणि लोक मुकाट्याने देत होते, याचा मला आजही संताप येतो. फी थकली म्हणून कागदही अडवता येत नाहीत. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या फायली अशाच अडवणाऱ्या आर. डी. सक्सेना या वकिलाचं हे वागणं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली गैरवर्तन ठरवलं. त्याच निकालाचा हवाला देऊन आमच्या नव्या वकिलांनी लेखी नोटीस धाडली, तेव्हा मामांचे कागद परत आले.

तक्रार लेखी हवी, सोबत पुरावा हवा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे शिस्तपालन समितीने ती वर्षभरात निकाली काढायची असते. तसं न झाल्यास प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ताकीद मिळते, सनद काही काळ निलंबित होते किंवा नाव वकिलांच्या यादीतून कायमचं निघतं. नुसता दावा हरला म्हणून मात्र तक्रार करू नये. तेवढ्याने गैरवर्तन होत नाही, आणि अशा तक्रारींच्या गर्दीत खऱ्या तक्रारी मागे पडतात.

आमच्याकडे रोख दिलेल्या पैशांची एकही पावती नव्हती. तिथेच आमची बाजू लंगडी पडली. म्हणून कर्जत-खालापूरच्या जमीनमालकांना सांगतो, फी आधी लिहून घ्या, प्रत्येक रकमेची पावती मागा, मूळ कागद दिलेत तर पोच घ्या आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. वाडीवरच्या कातकरी-ठाकर कुटुंबांपर्यंत एवढी गोष्ट जरूर पोहोचवा.