पेटीवर लिहिलेलं गूगलला कळतं का?

प्रश्न : आमची पावसजवळ हापूसची बाग आहे. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना राहायलाही देतो. मुलीने घरच्या घरी वेबसाइट तयार केली आहे. आता एक जण सांगतो, साइटवर ‘स्कीमा’ टाकून घ्या, गूगलच्या पहिल्या पानावर याल. त्याचे तो बऱ्यापैकी पैसे मागतो आहे. हा स्कीमा म्हणजे नेमकं काय? त्यावर खर्च करावा का?
– एक बागायतदार वाचक, ता. रत्नागिरी

उत्तर : पहिल्या पानाचं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं. स्कीमा लिहिला म्हणून साइट आपोआप वर सरकत नाही. तरीही तो लिहावा, असं माझं ठाम मत आहे. कारण वेगळं आहे.

तुमच्या पानावर समजा असं लिहिलं आहे : ‘रत्नागिरी हापूस, ५ डझनाची पेटी, ३००० रुपये, एप्रिलपासून.’ कोकणातल्या माणसाला यात विचारण्यासारखं काही नाही. पण पान वाचायला येणाऱ्या गूगलच्या यंत्रणेला आधी फक्त शब्द आणि आकडे दिसतात. ३००० ही पेटीची किंमत की डझनाची? एप्रिलपासून विक्री की मोहोर? आणि रत्नागिरी कुठली? आपली एक. दुसरी ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातली, जिथे बौद्ध विहारांचे मोठे अवशेष आहेत. तिसरी कोल्हापूर जिल्ह्यातली वाडी रत्नागिरी, म्हणजे आपला जोतिबाचा डोंगर. आजची शोधयंत्रं आजूबाजूच्या मजकुरावरून बराच अंदाज बांधतात, पण अंदाज तो अंदाजच. स्कीमा म्हणजे पेटीवर चिकटवलेली, यंत्राला वाचता येईल अशी चिठ्ठी : हे उत्पादन, हे त्याचं नाव, ही किंमत, हे चलन, हा विक्रेता, हे ठिकाण.

या चिठ्ठीची भाषा सगळ्यांची एक असावी म्हणून जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू या एरवीच्या स्पर्धकांनी एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाचा सामायिक शब्दसंग्रह काढला. रशियाचं यांडेक्स त्याच वर्षी त्यात आलं. रामनाथन गुहा या भारतीय वंशाच्या संगणकतज्ज्ञाचा त्यात मोठा वाटा आहे. या संग्रहात आज उत्पादन, दुकान, निवास, कार्यक्रम, पाककृती असे सुमारे ८०० प्रकार आहेत. लिहिण्याच्या पद्धती तीन. त्यातली ‘जेसन-एलडी’ गूगल सुचवतं. पानाच्या मागच्या कोडमध्ये एक छोटा, वेगळा तुकडा ठेवायचा. पान पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दिसत नाही.

फायदा काय? शोधाच्या निकालात नुसत्या निळ्या ओळीऐवजी किंमत, ‘उपलब्ध आहे’ असा शेरा, छायाचित्र अशी जादा माहिती दिसण्याची शक्यता तयार होते. शक्यता म्हणतो, कारण ती दाखवायची की नाही हे गूगल ठरवतं. ‘रॉटन टोमॅटोज’ या चित्रपट परीक्षणांच्या साइटने १ लाख पानांवर असा मजकूर घातला, तेव्हा त्या पानांवर क्लिक होण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी जास्त आढळलं, असा दाखला गूगल देतं. तुमची साइट चार पानांची. तो आकडा तुमच्याकडे तसाच येईल असं धरून चालू नका.

आता आंब्याच्या पानाकडे येऊ. मराठी साइट्सवर काही गोष्टी हमखास बिघडतात.

पानावर तुम्ही ‘३०००’ देवनागरीत लिहिलंत तर काहीच हरकत नाही, उलट छान दिसतं. पण स्कीमाच्या तुकड्यात किंमत इंग्रजी आकड्यांतच हवी, हजाराचा स्वल्पविराम न घालता. शब्दसंग्रहाच्या नियमातच तसं लिहिलेलं आहे. रुपयाचं चिन्हही तिथे चालत नाही. ‘आयएनआर’ हा तीन अक्षरी चलन-संकेत रोमन लिपीत स्वतंत्र जागी द्यायचा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने. फोन नंबराच्या आधी ९१ हा देशाचा क्रमांक.

सगळ्यात जास्त घोळ पेटीचा. पेटी चार डझनाची असते, पाचाची असते, सहाची असते, आणि फळाच्या आकाराप्रमाणे भाव बदलतो. म्हणून ‘हापूस पेटी’ अशी एकच मोघम नोंद करू नका. प्रत्येक पेटी वेगळं उत्पादन माना आणि डझन नावातच लिहा. ‘डझन’ या मापाला आंतरराष्ट्रीय संकेतही आहे, डी-झेड-एन, आणि स्कीमात तो देता येतो. नाव ‘हापूस’ ठेवून पर्यायी नावाच्या रकान्यात ‘अल्फान्सो’ लिहा. दिल्ली-बंगळूरचं गिऱ्हाईक तेच टाइप करतं.

उपलब्धतेची नोंद मात्र जिवंत ठेवावी लागते. हंगाम साधारण मार्च ते मेअखेर. त्या काळात ‘उपलब्ध’, त्याआधी ‘आगाऊ नोंदणी’ आणि सोबत माल मिळण्याची तारीख, पाऊस लागला की ‘संपला’. जुलैतही ‘उपलब्ध’ असं दाखवणाऱ्या बागा मी इंटरनेटवर पाहतो तेव्हा वाईट वाटतं. गिऱ्हाईक फोन करतं, नाही ऐकतं, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. किंमतही पानावर एक आणि कोडमध्ये दुसरी असता कामा नये. वाचकाला न दिसणारी किंवा दिशाभूल करणारी माहिती कोडमध्ये भरली, तर गूगल त्या पानाची जादा माहिती दाखवण्याची सवलतच काढून घेतं.

भौगोलिक मानांकनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विषय निघतोच. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला ते मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल तर तो क्रमांक पानावर ठळक छापा. स्कीमात प्रमाणपत्राची नोंद करायलाही जागा आहे. पण कोड कोणीही लिहू शकतो. परराज्यातला आंबा विकणाराही स्वतःच्या कोडमध्ये ‘रत्नागिरी हापूस’ लिहील आणि यंत्र ते वाचेल. आंब्याचा अस्सलपणा स्कीमाने सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंदणी आणि तुमचं नाव हाच आधार.

खोल्यांसाठी वेगळं पान करा आणि त्यावर ‘निवास व्यवसाय’ हा प्रकार वापरा : पत्ता, पिनकोड, फोन, खोलीत येण्याची आणि खोली सोडण्याची वेळ, आणि अक्षांश-रेखांश. रत्नागिरी शहर साधारण १७ अंश उत्तर आणि ७३.३ अंश पूर्व इथे आहे. तुमच्या अंगणाचे नेमके आकडे नकाशावर बोट दाबून धरलंत की मिळतात. ते लिहिले की जाजपूर आणि जोतिबाचा प्रश्न मिटला. मात्र याच्याही आधी गूगलवरची व्यवसायाची मोफत नोंद पूर्ण करा. ‘जवळपास राहायची सोय’ असं शोधणाऱ्या पर्यटकाला नकाशावर तुम्ही दिसता ते मुख्यतः त्या नोंदीमुळे.

पाहुण्यांचे अभिप्राय स्वतःच्या साइटवर छापून, त्यांना स्कीमात तारे देऊन, ते निकालात चमकवायचे, असाही सल्ला मिळेल. पण व्यवसायाने स्वतःच्याच साइटवर मांडलेल्या स्वतःबद्दलच्या अभिप्रायांचे तारे गूगलने २०१९ पासून दाखवणं बंद केलं आहे. नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या स्कीमाचंही तेच : ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरतीच आवळली. तुमच्याकडे पैसे मागणारा या दोन गोष्टी विकत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे.

राहिला खर्च. मुलीने साइट वर्डप्रेसवर किंवा तयार दुकानाच्या सेवेवर केली असेल, तर बराचसा स्कीमा तिथे आपोआप तयार होत असणार. वरून आणखी एक प्लगइन टाकलं की एकाच पेटीच्या दोन नोंदी होतात, कधी दोन वेगवेगळ्या किमतींच्या. म्हणून आधी तपासा. गूगलची ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’ आणि स्कीमा डॉट ऑर्गचा ‘व्हॅलिडेटर’ ही दोन्ही साधनं फुकट आहेत. पानाचा पत्ता टाकला की यंत्राला काय कळलं आणि काय चुकलं हे ती दाखवतात. नंतर गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या सेवेत साइट जोडून ठेवा. तीही फुकट आहे, आणि पुढे काही बिघडलं तर तिथे कळतं.

ज्या मुलीने साइट उभी केली तिला हे काम जमेल. कोणाला पैसे द्यायचेच असतील तर चांगल्या छायाचित्रकाराला द्या : प्रत्येक पेटीचा, फळाचा, खोल्यांचा स्वच्छ फोटो काढून घ्या. गूगलच्या विक्रेत्यांच्या यादीत उत्पादन दिसायला नाव आणि किंमत यांच्याइतकंच छायाचित्रही सक्तीचं आहे.