वादळांत टाकलेले चार नांगर
शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २७ : ९–४४

प्रस्तावना. — शेतांत वादळानें गांठलें तर मनुष्य घराकडे धांवतो. परंतु ज्याचें घरच त्याच्याबरोबर चालत आहे, त्यानें कोठें धांवावें? कैदी म्हणून रोमास नेल्या जाणाऱ्या पौलाची स्थिति अशीच होती. आलेक्सांद्रियाच्या त्या तारवावर २७६ माणसें होतीं. त्यांनीं वादळ कसें काढलें, हें आपण या पाठांत पाहूं.

१. मंद वारा (ओ. ९–१३). — उपासाचा दिवस होऊन गेला होता, असें लूक सांगतो. हा यहूद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. तो सप्टेंबर–आक्टोबरांत येतो. त्यानंतर भूमध्य समुद्रावरील प्रवास धोक्याचा होई, व भर हिवाळ्यांत तारवें बंदरांतच ठेवीत. आमचे कोंकणांतील कोळी बांधव पावसाळ्यांत नारळीपौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आले, तशीच ही रीत होती. पौलानें इशारा दिला. पण शताधिपतीनें तांडेलाचें व तारवाच्या धन्याचें ऐकलें. इतक्यांत दक्षिणेचा मंद वारा सुटला, आणि आपला बेत साधला असें सर्वांस वाटलें. अनुकूल वारा म्हणजे देवाची अनुमति, असें नेहमींच समजूं नये.

२. हातचे उपाय (ओ. १४–२९). — मग युरकुलोन नांवाचा तुफानी वारा आला. खलाशांनीं लहान होडी वर घेतली, तारूं दोरांनीं आवळलें, माल समुद्रांत टाकला. होकायंत्र त्या काळीं नव्हतें; म्हणून सूर्य व तारे दिसेनासे झाले तेव्हां वाटच हरपली. जेम्स स्मिथ या स्काच गृहस्थानें १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत हिशेब मांडून दाखविलें कीं, तशा वाऱ्यांत कौदा बेटापासून मिलितापर्यंत वाहवत जाण्यास सुमारें तेरा दिवस लागतात. लूक चवदाव्या रात्रीचें वर्णन करतो! त्या रात्रीं पाणी वीस वाव व पुढें पंधरा वाव भरलें. वाव म्हणजे सुमारें सहा फूट. खडक जवळ आहे हें जाणून त्यांनीं मागील बाजूनें चार नांगर टाकले व उजाडण्याची वाट पाहिली. अंधारांत पुढें न जाणें हाही एक उपायच आहे.

३. वचन व दोर (ओ. २१–४४). — कोणाचाही प्राण जाणार नाहीं, हें वचन पौलास मिळालें होतें. तरी खलाशी होडींतून पळूं लागले तेव्हां, हे राहिले नाहींत तर तुम्ही वांचणार नाहीं, असें त्यानें शिपायांस बजाविलें. वचन मिळालें म्हणून खलाशी नकोत, असें तो म्हणाला नाहीं. मग त्यानें भाकर घेऊन उपकारस्तुति केली व सर्वांस धीर देऊन जेवावयास लाविलें.

४. एक कठीण प्रश्न. — तौक्ते चक्रीवादळांत, १७ मे २०२१ रोजीं, मुंबईपासून दूर समुद्रांतील तेलक्षेत्रांत पी-३०५ नांवाचा मोठा तराफा नांगर तुटून वाहवत गेला व बुडाला. तें कामगारांचें राहण्याचें ठिकाण होतें. त्यावर २६१ माणसें होतीं. आमच्या नौदलानें व इतरांनीं पुष्कळांस वांचविलें, पण सत्तरांहून अधिक मरण पावलीं. त्यांच्यासाठीं कोणी प्रार्थना केली नसेल काय? खचित केली असेल. मग, त्यांचा विश्वास उणा पडला, असें म्हणावें काय? असें बोलणें शास्त्रास धरून नाहीं. २७६ जणांचें वचन त्या एका प्रवासाचें होतें. पौलाचेंच तारूं त्यापूर्वीं तीनदां फुटलें होतें (२ करिंथ ११ : २५), आणि याही वेळीं तारूं गेलेंच. विश्वासी मनुष्याचें तारूं फुटत नाहीं असें नाहीं. तो ज्याचा आहे त्याच्या हातून मात्र तो सुटत नाहीं, मरणांतही नाहीं. म्हणून शोकाच्या घरीं न्याय सांगावयास जाऊं नये. पौलाप्रमाणें भाकर घेऊन जावें.

५. आपल्या प्रवासास लागू. — आतां कित्येक कुटुंबें मोटारींतच निजण्याची व रांधण्याची सोय करून दूर जातात. मंडळीचे लोकही गाड्या करून सभांना जातात. त्यांनीं हवामानखात्याचा इशारा मानावा. चक्रीवादळ येणार असेल तर गाडी सोडून पक्क्या इमारतींत जावें. वाटेंत अवचित वावटळ व पाऊस गांठील तर झाडें, विजेच्या तारा व ओढा यांपासून दूर, उंच जागीं थांबावें. बाहेर ताणलेलें कापड उतरावें. पुलावरून पाणी वाहत असतां गाडी घालूं नये. विजा चमकत असतां झाडाखालीं उभें न राहतां, पत्र्याच्या बंद गाडींत कांचा लावून बसावें. आणि सोबतच्यांस टाकून एकट्यानें वांचूं पाहूं नये.

वर्गासाठीं प्रश्न. — (१) शताधिपतीनें पौलाचें कां ऐकलें नाहीं? (२) देवाचें वचन असतां खलाशांची गरज कां होती? (३) आपल्या गांवांत वादळानें वा पुरानें नुकसान झालेल्या कोणत्या घरीं या आठवड्यांत आपणांस जातां येईल?