हेतू धरून केलेली प्रार्थना

वाचावयाचे शास्त्रभाग : नहेम्या 1:1 ते 2:8, नहेम्या 4:9, लूक 11:5-8, याकोब 4:3, यिर्मया 18:1-6.



जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. ह्या गावाच्या नावातच कुंभार आहे, आणि आजच्या धड्यास तो चांगला गुरू होय. चाकावर मातीचा गोळा ठेविताना घागर करावयाची की पणती, हे कुंभारास ठाऊक असते. त्याप्रमाणे तो माती घेतो व त्याप्रमाणेच त्याचे बोट वळते. काही हेतू न धरिता जो चाक फिरवीत बसेल, त्याचे चाक फिरेल, हात मळतील, दिवसही जाईल. परंतु सायंकाळी भांडे मात्र एकही निघणार नाही.

आपल्या पुष्कळ प्रार्थनांची गती अशीच होते. सर्वांचे भले कर, आजाऱ्यांस बरे कर, जगात शांती नांदू दे, असे आपण म्हणतो व उठतो. हे शब्द वाईट नाहीत. पण कोणाचे भले? कोणता आजारी? कोठली शांती? समजा, एका मंडळीत दोघे भाऊ आहेत. शेताच्या बांधावरून त्यांचे भांडण झाले आणि दोन पावसाळे त्यांचे बोलणे बंद आहे. दोघेही दर रविवारी उपासनेस येतात. एक उजव्या भिंतीशी बसतो, दुसरा डाव्या. जगाच्या शांतीसाठी प्रार्थना झाली म्हणजे दोघेही मोठ्याने आमेन म्हणतात. आपल्या भावाचे नाव मात्र कोणीही देवापुढे घेत नाही. का घेत नाही? नाव घेतले तर उठून त्याच्या दारी जावे लागेल, हे दोघांसही ठाऊक आहे. मोघम प्रार्थनेचा खरा धोका हाच होय. तिच्या आड मनुष्य लपून बसू शकतो.

आता नहेम्याकडे पाहू. तो शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडला आहे व वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्यास किसलेव महिन्यात मिळाली. राजापुढे तो बोलला निसान महिन्यात. म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. ह्या काळात त्याने काय केले, ते क्रमाने ध्यानात घ्या.

पहिले, त्याने खरी हकीकत विचारून घेतली. ज्याची माहिती नाही, त्याविषयी कळकळ उत्पन्न होत नाही. दुसरे, त्याने पाप कबूल केले, आणि लोकांचे पाप सांगताना मी व माझ्या बापाचे घराणे असे म्हणून स्वतःस त्यात घातले. तिसरे, देवाने मोशेस दिलेल्या वचनाचा त्याने आधार घेतला. चौथे, त्याने एक नेमकी गोष्ट मागितली : ह्या मनुष्याची, म्हणजे राजाची, कृपा मजवर होवो. पाचवे, प्रार्थना करीत असताना त्याने कामाचा विचारही केला होता. राजाने विचारताच त्याने मनात देवाची प्रार्थना केली, आणि किती दिवस लागतील, कोणत्या अधिकाऱ्यांस पत्रे पाहिजेत व लाकूड कोणाकडून मिळावे, हे सर्व सांगितले. पुढे शत्रू उठले तेव्हा लोकांनी प्रार्थनाही केली व पहाराही ठेविला. तट 52 दिवसांत पुरा झाला. परंतु त्या 52 दिवसांमागे ते चार महिने होते, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, ह्या जुन्या काळच्या गोष्टी आहेत. तर आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. केडगाव येथील मुक्ती सदनात पंडिता रमाबाई ह्यांनी 1905 च्या जानेवारी महिन्यात मुलींस आत्मिक जागृतीची गरज सांगितली, आणि तेवढ्याच एका कारणासाठी दररोज प्रार्थनेस कोण येईल, असे विचारिले. सुमारे 70 जणी पुढे आल्या. हळूहळू संख्या वाढली, आणि जून महिन्यापर्यंत सुमारे 550 जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्याच जून महिन्यात रमाबाईंनी आसपासच्या गावी सुवार्ता सांगण्यास जाण्यासाठी मुली मागितल्या, तेव्हा 30 तरुण मुली तयार झाल्या. महिन्याच्या शेवटी तेथे मोठी जागृती झाली. ह्यात तीन गोष्टी पाहा. मागणी एकच होती. वेळ नेमलेली होती. आणि ज्या प्रार्थना करीत होत्या, त्यांतूनच काम करणाऱ्या निघाल्या.

जालन्याच्या बाजूस तर आणखी जवळची साक्ष आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातील गृहस्थ. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे ते पाळक होऊन 1860 नंतरच्या दशकात जालन्यास कामास लागले. समाजाने ज्यांस दूर ठेविले होते, अशा मांग लोकांतील पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. त्यांस राहण्यास व पोटास जागा पाहिजे होती. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळाली व जालन्याजवळ वस्ती उभी राहिली. तिचे नाव बेथेल ठेविले, म्हणजे देवाचे घर. ज्यास लोकांच्या उद्धाराचा भार वाटतो, त्यास त्यांच्या घरांचा व भाकरीचाही विचार करावा लागतो आणि दिवाणाच्या दाराशी अर्ज घेऊन जावेही लागते. नहेम्यानेही राजाजवळ लाकूड मागितले होते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. हेतू व योजना म्हणजे मंत्र नव्हे, आणि नवसही नव्हे. आपल्या वाडवडिलांस नवस ठाऊक होता : अमुक झाले तर तमुक वाहीन. ख्रिस्ती होऊनही ही सवय मनात राहते. इतके दिवस उपास केला, इतक्या वेळा नाव घेतले, आता देवाने दिलेच पाहिजे, असे आपण म्हणू लागलो, तर आपण बापाशी बोलत नसून दुकानदाराशी बोलत आहो. याकोब म्हणतो की, कित्येक मागणाऱ्यांस मिळत नाही, कारण ते आपल्या चैनीसाठी मागतात. आणि पौलासारख्या मनुष्याने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीनदा स्पष्ट विनंती केली, तरी काटा निघाला नाही. मात्र कृपा मिळाली. म्हणून ज्या आईने आपल्या लेकरासाठी रात्रंदिवस प्रार्थना केली आणि ज्याचे लेकरू तरीही गेले, तिच्यात विश्वास कमी होता, असे कोणीही म्हणू नये. असे बोलणारा तिच्या जखमेवर मीठ चोळतो आणि शास्त्रही चुकीचे सांगतो. आपण स्पष्ट मागावे, कारण लेकराने बापाजवळ स्पष्टच मागावे. आणि उत्तर बापाच्या हाती सोडावे. यिर्मया कुंभाराच्या घरी गेला, तेव्हा हाच धडा शिकला. मागणारे आपण असलो तरी शेवटी कुंभार देव आहे, व माती आपण आहो. पुष्कळदा ज्या गोष्टीसाठी आपण प्रार्थना करितो, तिच्याआधी तो आपणासच घडवितो.

तर मग गावच्या मंडळीने काय करावे? प्रचारकाने एक लहान वही ठेवावी. एका बाजूस मागणी व तारीख लिहावी. दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी ठेवावी. एका वेळी पाचसातच नावे घ्यावी, आणि ती नावे घेण्यापूर्वी त्या घरी जाऊन यावे. दिवाळीनंतर जी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात, त्यांच्यासाठी नुसते, बाहेरगावच्यांस सांभाळ, असे म्हणू नये. कोण गेले, कोणत्या कारखान्यावर गेले, मागे मुले कोणापाशी आहेत, ती शाळेत जातात की नाही, हे विचारावे व त्याप्रमाणे मागावे. मग मंडळीतील कोणीतरी त्या मुलांस आपल्या घरी अभ्यासास बसवील. हाही उत्तराचाच एक भाग होय.

ज्या वृद्ध मातेस लिहिता येत नाही, तिने वाटीत नावागणिक ज्वारीचा एक दाणा ठेवावा आणि एकेक उचलून एकेकाची आठवण देवापुढे करावी. दाण्यात काही सामर्थ्य नाही. तो केवळ आठवणीसाठी आहे. आणखी एक गोष्ट : प्रार्थनेच्या निमित्ताने कोणाचे घरगुती दुःख किंवा पाप चारचौघांत उघडे करू नये. जे कानात सांगितले गेले, ते देवाच्याच कानी घालावे.

त्या दोन भावांपैकी एकाने जरी आज रात्री दुसऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना केली, तरी उद्या सकाळी बांधावर काय करावयाचे, हे त्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

विचारासाठी प्रश्न

1. गेल्या आठवड्यात आपण नाव घेऊन कोणासाठी प्रार्थना केली? कोणाचे नाव जाणूनबुजून टाळिले?

2. नहेम्याने राजापुढे जाण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टींचा विचार केला होता?

3. नवस व प्रार्थना ह्यांत भेद कोणता?

4. आपल्या मंडळीने ह्या महिन्यात कोणती एक गोष्ट मागावी, आणि त्यासाठी कोणते एक काम हाती घ्यावे?