माकडताप : चावते गोचीड, नाव माकडाचे

जंगलात माकडे मरून पडू लागली, तर ती बाब केवळ वनखात्याची राहत नाही. १९५७ साली त्यावेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांत तापाचे रुग्ण वाढले. प्रथम पीतज्वराची शंका आली. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तपास केला, तेव्हा एक नवाच विषाणू सापडला. या रोगालाच आज माकडताप म्हणतात.

नावामुळे गैरसमज होतो. रोग पसरवते ती गोचीड. तिची बारीक पिल्ले चावली म्हणजे माकड आणि माणूस दोघेही आजारी पडतात. एका रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही.

संशोधकांनी पुढे जंगलाचाही अभ्यास केला. दाट जंगल तुटले, आत शेती व चराई शिरली, मोकळ्या जागी घाणेरी माजली. गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या आणि त्यांची संख्या वाढली. म्हणजे रोगाला वाट मिळाली ती जंगल मोडल्यामुळे.

२०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडताप पोहोचला. काजूच्या बागेत राबणारे व लाकूडफाटा आणणारे लोक त्याला बळी पडले.

लक्षणे : एकाएकी जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या; काहींना नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांना ताप उतरून पुन्हा येतो व मेंदूवर परिणाम होतो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर खास औषध नाही. वेळेवर रुग्णालयात मिळणारे उपचारच जीव वाचवतात.

आपला सातपुडा पानझडी जंगलाचा आहे, तर हा रोग सह्याद्रीच्या दमट जंगलपट्ट्यातला. मग जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी काय करावे? कोकण-गोव्याला सहलीला किंवा कामाला आपल्याकडील अनेकजण जातात, तेही थंडी-उन्हाळ्यात. रोगाचा हंगाम तोच, डिसेंबर ते मे. म्हणून एवढे पाळावे :

१. तिकडच्या जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यात खोचावा, पाचोळ्यावर बसू नये.

२. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का ते पाहावे.

३. गोचीड चिकटली असल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये.

४. मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

प्रवासानंतर आठ-दहा दिवसांत ताप आला, तर अंगावर काढू नये. मनाने ॲस्पिरिनची गोळी घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरांना आपण कोणत्या जंगलात जाऊन आलो, हे न विचारताही सांगावे. खानदेशातील डॉक्टरांना माकडतापाची शंका यायची, तर ती या एका माहितीवरूनच येईल.